नांगर धरता येणारा मास्तर

महात्मा जोतीराव फुले यांच्यावर आपल्या महाविद्यालयात दर वर्षी दोनदा भाषणे होतात. एकदा ११ एप्रिलला आणि एकदा २८ नोव्हेंबरला. मीही एकदा बोललो आहे आणि उत्तेजनार्थ बक्षीसही घेतले आहे. भिडेवाड्यातली शाळा, सावित्रीबाईंच्या अंगावर पडलेले शेण, सत्यशोधक समाज, एवढे सांगून झाले की घंटा वाजते. पण खेड्यातल्या मास्तराला दरमहा किती रुपये द्यावेत याचा हिशोब मांडणारे आणि शाळेशेजारी शेताचा तुकडा मागणारे जोतीराव त्या भाषणांत मला कधी भेटले नव्हते. ते भेटले दुसऱ्या वर्षाच्या ट्यूटोरियलमुळे. इतिहासाच्या सरांनी मला १८८२ सालचे त्यांचे हंटर शिक्षण आयोगापुढचे निवेदन वाचायला दिले. विषय मी निवडला नव्हता, वाट्याला आला होता. पण ते निवेदन मी दोन रात्री वाचत बसलो, कारण मी निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा आहे आणि शाळेत शेती हा विषय घेतलेला विद्यार्थी आहे.

आमच्या शाळेत हा विषय कोण घेई हे आधी सांगितले पाहिजे. बीजगणितात जो मागे पडेल तो शेतीला, असा अलिखित नियम होता. शाळेमागे अर्धा एकर जागा होती, तिथे एक विहीर होती आणि मार्चमध्ये तिचा तळ दिसे. स्नेहसंमेलन जवळ आले की शेतीच्या तासाला मैदानावरचे गवत काढायचे काम आमच्याकडे येई. मुली त्या तासाला शिवणकामाला जात. शाळेचे नाव सांगत नाही. अशी शाळा एकच असती तर सांगितलेही असते. शिकवणारे मास्तर मात्र जाणते होते. मातीचे प्रकार ते फळ्यावर लिहून देत नसत, ढेकूळ हातात देऊन फोडायला लावीत. तरी आमच्या वडिलांचा, म्हणजे नानांचा, सवाल कायम होता. शेती शिकायला शाळा कशाला? ती घरी येतेच की. आणि शाळेत जाऊन पुन्हा शेतीच करायची तर शाळेत तरी कशाला जायचे?

हाच सवाल सुमारे एकशे ऐंशी वर्षांपूर्वी पुण्यात गोविंदराव फुल्यांच्या घरात उभा राहिला होता. हे घराणे मूळचे सातारा भागातल्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरवण्याच्या धंद्यावरून ते फुले झाले. जोतीरावांचा जन्म १८२७ चा. आई चिमणाबाई मूल वर्षाचे असतानाच गेली आणि सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातल्या बाईने त्याला वाढवले. मुलगा पंतोजींच्या शाळेत जाऊ लागला, लिहायला वाचायला शिकला, आणि मग एका कारकुनाने गोविंदरावांच्या कानात सांगितले की शिकलेला पोरगा शेताच्या कामाचा राहत नाही. गोविंदरावांना ते पटले. शाळा सुटली आणि जोतीच्या हातात खुरपे आले. तेराव्या वर्षी लग्नही झाले, नायगावच्या सावित्रीबाईंशी.

या मधल्या वर्षांना चरित्रात एखाददुसरी ओळच मिळते. मला वाटते ती वर्षे फार मोलाची होती. पाणी धरणे, खत घालणे, फुले तोडून सकाळी बाजारात नेणे हे ज्याने कोवळ्या वयात केले त्याला पुढे शेतकऱ्याविषयी लिहिताना दुसऱ्याला विचारावे लागले नाही. पुढे शेजारचे गफार बेग मुनशी आणि लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. गोविंदरावांना कुणी वाईट म्हणू नये. त्या काळची शाळा खरोखरच मुलाला शेतापासून तोडत होती. कारकुनाने सांगितले त्यात त्याचा मतलब असेल, पण ती गोष्ट खोटी नव्हती. जोतीरावांनी पुढे जो उपाय सुचवला तो या दुखण्यावरच होता.

पुढचा भाग आपणा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तो भराभर सांगतो. १८४७ मध्ये शिक्षण संपले, १८४८ मध्ये मुलींची शाळा निघाली, १८४९ मध्ये वडिलांचे घर सोडावे लागले, १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारी सत्कार झाला. मला थांबावेसे वाटते ते १८५५ पाशी. त्या वर्षी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी शेतकरी आणि मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबून आलेल्या माणसाला अक्षर शिकवायचे तर ते दिवा लावूनच शिकवावे लागते. विद्यार्थ्याने शाळेच्या वेळेला यावे असे न म्हणता शाळेनेच विद्यार्थ्याच्या वेळेला जावे, ही गोष्ट त्यांना तेव्हा सुचली होती.

जोतीराव पोटासाठी काय करीत? हा प्रश्न मी वर्गात विचारला तेव्हा हशा झाला, पण उत्तर चटकन कुणाला देता आले नाही. त्यांनी सरकारी नोकरी केली नाही. धातूच्या ओतकामाला लागणारे सामान पुरवण्याचा धंदा त्यांनी १८६३ मध्ये सुरू केला. येरवड्याचा पूल, खडकवासल्याचे धरण अशा कामांवर कंत्राटे घेतली, दगडमाती पुरवली. आणि मांजरीला शेती केली. खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पुरे झाले आणि मुठेच्या कालव्याचे पाणी पुण्याच्या पूर्वेकडच्या गावांना मिळू लागले. कालव्याच्या पाण्याला शेतकरी बिचकत होते. पाणी नवे, त्याचा आकार नवा, वरचा अंमलदार नवा. जोतीरावांनी मात्र मांजरीला त्या पाण्यावर बागायत केली. धरणाला दगड पुरवणारा माणूस त्याच धरणाचे पाणी शेताला घेत होता. पाटबंधाऱ्याचा कारभार त्यांना दोन्ही बाजूंनी दिसला. कंत्राटदाराच्या आणि बारीची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याच्याही. पिकाला पाणी हवे तेव्हा ते सुटत नाही आणि सुटते तेव्हा मोजून मिळत नाही, ही तक्रार त्यांनी पुढे लेखी मांडली, आणि प्रत्येकाच्या जमिनीच्या मानाने पाण्याची तोटी बसवावी असा उपायही दिला. आमच्याकडे गंगापूर आणि दारणेच्या कालव्यांवर आजही आवर्तनावरून भांडणे होतात, त्यामुळे हे पान वाचताना मला जुने वाटलेच नाही.

१८७५ मध्ये सुप्याला आणि पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतली कर्जखते जाळली. १८७६ ते १८७८ दुष्काळाची वर्षे. धनकवडीला सत्यशोधकांनी दुष्काळातल्या मुलांसाठी अन्नछत्र चालवले. जोतीराव त्याच काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. म्हणजे १८८२ मध्ये विल्यम हंटर यांचा आयोग आला तेव्हा त्याच्यापुढे लिहिणारा माणूस नुसता सुधारक नव्हता. निवेदनावर त्यांनी आपल्या नावापुढे व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचा सभासद अशी ओळख दिली आहे. तारीख १९ ऑक्टोबर १८८२, पत्ता पेठ जुनागंज. देशातली मुलींची शाळा ज्याने काढली त्याने ओळखीत शेतकरी हा शब्द घालावा, याचे मला फार अप्रूप वाटले.

निवेदनाची सुरुवात पैशापासून आहे. सरकारी तिजोरीत येणारा पैसा मुख्यतः रयतेच्या घामाचा. शेतसाऱ्याबरोबर रयत रुपयामागे एक आणा लोकल फंडाचा देते, त्यातून शिक्षणाचा खर्च निघतो, आणि लाभ मात्र वरच्या वर्गांच्या मुलांना होतो. त्यांच्या शाळा-कॉलेजांवर खर्च होतो आणि खेड्यात शाळाच नसते. म्हणून आधी प्राथमिक शिक्षण, आणि तेही बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे, अशी त्यांची मागणी होती. सक्तीचे शिक्षण आपल्याकडे कायद्याने केव्हा आले याचा हिशोब वाचकांनीच करावा.

मग मास्तर. खेड्यातला मास्तर शक्य तो शेतकरी वर्गातला असावा, शिकवण्याचे शिक्षण घेतलेला असावा, आणि प्रसंगी नांगर किंवा सुताराची वाकस हातात धरायला त्याला लाज वाटू नये. त्याला बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, मोठ्या गावात पंधरा ते वीस रुपये मिळावेत. गावकामाची एखादी जबाबदारीही त्याला द्यावी, म्हणजे गावात त्याचे वजन राहील. हे वाचताना मला आमचे शेतीचे मास्तर आठवले. त्यांच्याविषयी शेवटी सांगतो.

अभ्यासक्रमात वाचन, मोडी आणि बाळबोध लेखन, हिशोब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, नीती, आरोग्य, आणि यांच्या बरोबरीने शेतीचे मूलभूत ज्ञान. खेड्यातल्या शाळेत विषय शहरापेक्षा कमी असले तरी चालतील, पण ते कमी उपयोगाचे असता कामा नयेत, असे त्यांचे म्हणणे. शेतीच्या धड्यांना जोडून एक लहानसे नमुन्याचे शेत असावे, तिथे मुलांना प्रत्यक्ष करून शिकता यावे, आणि ते नीट चालवले तर देशाचे फार भले होईल. आमच्या शाळेमागचा अर्धा एकर हा त्या वाक्याचाच फार दूरचा वंशज असणार. फक्त नीट चालवले तर, एवढे तीन शब्द वाटेत कुठेतरी गळाले.

सरांचे आणि माझे मतभेद झाले ते इथे. सरांचे म्हणणे असे की शेतकऱ्याच्या मुलाला शेती शिकवा म्हणणे म्हणजे त्याला शेतातच बांधून ठेवणे. वरच्यांनी गणित शिकावे आणि खालच्यांनी खुरपे, हे जुनेच आहे. सरांचा मुद्दा हलका नाही, मी तो स्वतः भोगला आहे. पण जोतीरावांच्या कागदात तो अर्थ निघत नाही. त्यांनी शेती हा विषय इतिहास-भूगोलाच्या जागी मागितला नव्हता, त्यांच्या जोडीला मागितला होता, आणि तो बीजगणितात मागे पडणाऱ्यांसाठी नव्हे तर सगळ्यांसाठी. त्याच निवेदनात ते उच्च शिक्षणाबद्दलही लिहितात. शिकलेले तरुण सगळे सरकारी नोकरीच्या दाराशी गर्दी करतात, तिथे जागा भरल्या आहेत, आणि स्वतंत्र धंदा करता येईल असे काही त्यांना शिकवलेलेच नाही, अशी त्यांची तक्रार आहे. म्हणजे मुलाने शेतातून उठून कारकून व्हावे एवढीच वाट त्यांना नको होती, आणि शेतात अडाणी राहावे ही तर नकोच होती.

पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, त्यांनी शेतकऱ्याचा असूड पुरा केला. दीनबंधू पत्रात त्याची पहिली दोनच प्रकरणे छापली गेली. पुढची छापायला संपादक धजले नाहीत. लोक त्याला संतापाचे पुस्तक समजतात. संताप आहेच, पण शेवटाकडे त्यात शेतीखात्याच्या अहवालासारखी पाने आहेत. डोंगरउतारावरची माती पावसाबरोबर वाहून जाते म्हणून ताली आणि बांध घालावेत, लष्करातल्या आणि पोलिसातल्या रिकाम्या हातांकडून तळी-धरणे बांधून घ्यावीत, मेंढरांची आणि जनावरांची चांगली पैदास आणावी, दरसाल पिकांची व जनावरांची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावीत. शेतकऱ्यांच्या मुलांची नांगरण्या-पेरण्याची परीक्षा घ्यावी, शिकलेल्या आणि चांगल्या वर्तनाच्या मुलांना गावची पाटीलकी द्यावी, आणि काहींना विलायतेतल्या शेतकी शाळा पाहायला पाठवावे. शाळा, परीक्षा, मानाची जागा आणि परत शेत, अशी ही साखळी आहे. शेतकी शिक्षण घेऊन पुढे काय, हा आज दहावीनंतर घरोघर विचारला जाणारा प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारला होता.

त्यांचे चुकले असे काही नाही का? मला एक जाणवते. सरकारने मनावर घेतले की नमुन्याचे शेत चालेल, असा त्यांचा इंग्रज सरकारवर बराच भरवसा होता. सरकारी शेत आणि शेतकऱ्याचे शेत यांत पाण्याचे, पैशाचे आणि मजुरांचे अंतर असते. सरकारी शेतावर पिकलेले पाहून शेतकरी मान हलवतो आणि घरी जातो. आणखी एक. असुडात त्यांनी शेतकऱ्याच्या बायकोचे कष्ट जीव ओतून लिहिले आहेत, आणि निवेदनात मुलींच्या शाळा वाढवाव्यात असेही म्हटले आहे. पण शेतीचे धडे मुलींनाही द्यावेत असे त्यांनी उघडपणे लिहिले असते तर आमच्या वर्गातल्या मुली शिवणकामाला गेल्या नसत्या, असे आपले मला वाटते. निफाडच्या द्राक्षबागांत विरळणी करायला बायकाच असतात.

त्यांच्या मागणीचे पुढे काय झाले ते थोडक्यात. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शेतकीचा वर्ग १८७९ मध्येच निघाला होता, पण तो वरच्या शिक्षणाचा. विसाव्या शतकात पुण्याचे शेतकी कॉलेज झाले, लोणी काळभोरला शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मराठीतून शिकवणारी शेतकी शाळा निघाली, आणि काही प्राथमिक शाळांना शेतीचे वर्ग जोडले गेले. यांतले कोणते चांगले यावर १९२८ च्या रॉयल कमिशनने बराच खल केला. स्वातंत्र्यानंतर मुदलियार आयोगाने १९५३ मध्ये माध्यमिक शाळेत शेती हा स्वतंत्र गट सुचवला. पुढे अकरावी-बारावीला द्विलक्षी अभ्यासक्रम आले, त्यांत पीकशास्त्र, दुग्धव्यवसाय असे विषय होते. नावे बदलत गेली. शिकणारे मात्र बहुधा तेच राहिले, ज्यांना दुसरीकडे जागा मिळाली नाही ते.

आपल्या नाशकात जोतीरावांचा धागा दोन ठिकाणी लागतो. १९१४ मध्ये इथे उदोजी मराठा बोर्डिंग निघाले, ते सत्यशोधकी विचारांच्या मंडळींनी. त्याच्या इमारतीची कोनशिला १९२० मध्ये शाहू महाराजांनी बसवली. खेड्यातल्या शेतकऱ्यांची मुले नाशकात राहून हायस्कुलात शिकू लागली ती अशा वसतिगृहांमुळे. दुसरा धागा राहुरीचा. १९६८ मध्ये तिथे कृषी विद्यापीठ झाले आणि त्याला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. निफाडजवळ कुंदेवाडीचे गहू संशोधन केंद्र १९३२ पासूनचे, तेही आता याच विद्यापीठाकडे आहे. तिथून निघालेल्या गव्हांच्या जातींची नावे पाहा: पंचवटी, त्र्यंबक, तपोवन, गोदावरी. आमच्या घरी त्र्यंबकच्या पोळ्या आम्ही वर्षानुवर्षे खाल्ल्या, आणि त्या पोळीचा जोतीरावांच्या नावाशी काही संबंध असेल हे मला एकोणिसाव्या वर्षी कळले!

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, दहावीनंतर कृषी तंत्र विद्यालयात गेला आणि त्याने दोन वर्षांची पदविका घेतली. भावकीत त्याची थट्टा झाली. कृषी सहायकाच्या जागेसाठी तो परीक्षेला बसला, निवड झाली नाही. आता तो एका कृषी सेवा केंद्रात काम करतो आणि सकाळ-संध्याकाळ घरचे पावणेतीन एकर पाहतो. माती तपासून आल्यावर युरियाची मात्रा त्याने निम्मी केली तेव्हा नाना आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. त्या वर्षी पीक कमी आले नाही आणि खर्च वाचला. नंतरच्या साली छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला, डावणीने बाग गेली, आणि पदविका काही कामाला आली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. नानांची इच्छा आता अशी की निदान मी तरी बी. ए. करून कुठे तरी कचेरीत चिकटावे. जोतीरावांनी ज्या दाराशी गर्दी पाहिली त्याच दाराशी मी उभा आहे, हे नानांना कसे सांगावे ते मला कळत नाही. खरे तर त्या दारातून मला आत जायचे आहे की नाही हेही अजून ठरलेले नाही.

जोतीरावांची शेवटची वर्षे कष्टाची गेली. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. तिथे ते खांद्यावर घोंगडी टाकून शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि ही दागिन्यांनी मढलेली मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी रयत पाहायची तर खेड्यात चला, तिच्या शिक्षणाचे पाहा, असे राजपुत्राला सांगून आले. त्याच मे महिन्यात मुंबईला त्यांना महात्मा ही पदवी मिळाली. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवी बाजू गेली. मग त्यांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली आणि सार्वजनिक सत्यधर्म हे पुस्तक पुरे केले. ते छापून आले तेव्हा ते नव्हते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी धरले.

ट्यूटोरियल झाल्यावर मी ते निवेदन गावी नेले आणि मास्तराच्या पगाराचा भाग नानांना मराठीत समजावून सांगितला. नानांनी बारा रुपयांची त्या वेळची किंमत विचारली. मग विचारले, नांगर धरणारा मास्तर कुणी पाहिलाय का. मी म्हटले, आमचे शेतीचे मास्तर. नाना थोडा वेळ गप्प बसले आणि त्यांना आठवले. मी नववीत असताना आमच्या बागेत डॉगरिजच्या खुंटांवर कलमे भरायची होती, आणि कारागीर आला नव्हता. एका रविवारी मास्तर सायकलवर आले, पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला आणि चाकू मागितला. संध्याकाळपर्यंत त्यांनी दोन ओळी भरल्या, आणि तिसरी दादाकडून भरून घेतली. पैसे घेतले नाहीत. नानांनी सायकलच्या कॅरेजला पेरूची पाटी बांधून दिली होती. त्या तीन ओळी बागेत अजून आहेत.